‘कृष्णेवरची आगबोट’: एका जुन्या फोटोच्या ओळखीचे प्रकरण

पार्श्वभूमी

चिकोडी तालुक्यात कृष्णाकाठी एक गाव आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही शाळा, ऊस, आठवडी बाजार आणि एक जुने मराठी वाचनालय. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला ‘आमची नदी’ या नावाचे छोटे प्रदर्शन भरवायचे ठरले. त्या कामात मी नोंदी ठेवायला होतो. गावाचे आणि माणसांचे नाव इथे दिलेले नाही, एकदोन किरकोळ तपशीलही बदलले आहेत.

घरोघरचे फोटो मागवले. यायचे ते आलेच: २००५ आणि २०१९ च्या महापुराचे, नावेतून निघालेल्या वऱ्हाडाचे, गुळाच्या काहिलीत (रस आटवायच्या मोठ्या कढईत) बसून पैलतीराला निघालेल्या पोरांचे. (बाहेरच्यांना काहिलीची गंमत वाटते. आमच्याकडे पुरात ती अजूनही कुणी ना कुणी पाण्यात लोटतोच.) त्या ढिगात पोस्टकार्डाच्या आकाराचा, कडा पिवळ्या पडलेला एक फोटो होता. रुंद नदी, तीत दोन मजली आगबोट, मध्ये उंच धुराडे, कुशीला चाकाची अर्धगोल पेटी. अलीकडे पाण्यात एक काळी, गोल होडी आणि तीत तीन माणसे.

फोटो दिला तात्यांनी. वय पंचाहत्तरीच्या पुढे. ते म्हणाले, “आमचा आजा कृष्णेच्या आगबोटीवर हुता. पलटणीत सुभेदार. इंग्रजाच्या टायमाला कुडचीपासनं आगबोट चालायची.”

समितीतल्या सगळ्यांचे डोळे चमकले. प्रदर्शनाला मुख्य फोटो मिळाला, असेच त्या दिवशी वाटले. संध्याकाळपर्यंत एका पोराने मोबाइलवर फोटो काढून ‘कृष्णा नदीवरील आगबोट, दुर्मिळ छायाचित्र’ अशा ओळीसह तो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तो मिरज, निपाणी, इचलकरंजी असा फिरून दोन दिवसांत आमच्याच फोनवर परत आला.

प्रश्न काय होता

शंका पहिल्यांदा काढली ती कन्नड शाळेतल्या इतिहासाच्या सरांनी. ते समितीत सल्लागार म्हणून होते, मराठी उत्तम बोलतात. त्यांचे म्हणणे साधे होते: बोट जाणार कुठे?

आमच्या भागात कृष्णेचा प्रश्न कायम ओलांडण्याचा होता, नदीतून लांबवर जाण्याचा कधीच नव्हता. अलीकडचा माणूस पलीकडे जायला नाव शोधायचा. कोयना धरण आणि ठिकठिकाणचे बंधारे होण्याआधी उन्हाळ्यात कृष्णा जागोजागी पायी उतरता यायची, वाळवंटात काकड्या-कलिंगडांचे वाफे असायचे, हे गावातल्या म्हाताऱ्या आजही सांगतात. पावसाळ्यात तीच नदी दोन्ही काठ गिळते. चाकाच्या आगबोटीला बारा महिने तीन-चार फूट तरी पाणी लागते, शिवाय ठिकठिकाणी कोळशाचा साठा. मुंबईला जायचे तर जुनी माणसे आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याला आगबोट धरत, ती समुद्रातली. १८८७ साली रेल्वे बेळगावला आली, कुडची आणि उगारच्या मधे कृष्णेवर रेल्वेपूल झाला, आणि नदीतून माल नेण्याचे उरलेसुरले कारणही संपले.

म्हणजे फोटो खरा, पण नदी बहुधा आपली नव्हे. इथवर समितीत फार वाद नव्हता. वाद पुढे होता. फोटो देणारा माणूस समोर बसलेला, त्याच्या आजाची गोष्ट त्याला पाठ, गावभर ती पसरलेली, आणि प्रदर्शन तोंडावर आलेले.

त्यात सीमाभागातली एक जास्तीची अडचण. इथे कोणताही जुना कागद निघाला की तो कुणाच्या बाजूचा हे आधी विचारले जाते. शंका कन्नड सरांनी काढली, एवढ्यावरून दोघातिघांनी ग्रुपवर भलते अर्थ लावायला सुरुवात केली होती. सरांनी नंतर बैठकीत कमी बोलायचे धोरण धरले. आमचे त्यात नुकसान झाले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, तात्या सांगतात तीच ओळ फोटोखाली छापणे. कुणी दुखावत नाही, प्रदर्शनाला गर्दी होते. दुसरा, फोटोच वगळणे. तिसरा अध्यक्षांना, म्हणजे गुरुजींना आवडलेला: ‘कुटुंबाच्या आठवणीनुसार’ असे दोन शब्द जोडून मोकळे होणे. चौथा, फोटो खरोखर कुठला हे शोधणे आणि सापडेपर्यंत मुख्य जागा रिकामी ठेवणे.

गुरुजींचा पर्याय वरवर शहाणपणाचा दिसतो आणि माझ्या मते तोच सगळ्यांत वाईट होता. ‘आठवणीनुसार’ हा शब्द वाचणारा वाचत नाही, तो बोट पाहतो आणि कृष्णा वाचतो. शिवाय आठवण चुकली असे आपल्याला वाटत असताना तिच्यामागे लपणे म्हणजे चूक तात्यांच्या खांद्यावर ठेवणे. फोटो वगळण्यालाही अर्थ नव्हता, कारण तो आधीच गावोगाव फिरत होता. चौथा पर्याय ग्रंथपाल बाईंनी लावून धरला. “आधी नीट बघूया तरी,” एवढेच त्या म्हणाल्या. तोवर मूळ फोटो कुणी नीट पाहिलाच नव्हता. सगळे मोबाइलवरच्या धुरकट प्रतीवरून भांडत होतो.

काय केले

मूळ फोटो चिकोडीला नेऊन मोठ्या आकारात स्कॅन करून घेतला. एवढ्यानेच निम्मे काम झाले.

मोबाइलवर जी होडी काहीलच वाटत होती, ती मोठ्या पडद्यावर वेगळी दिसली. काहीलीचा काठ बाहेर उलगडलेला असतो, हिचा आत वळलेला होता. आपल्या नदीवर पूर्वी बांबूच्या सांगाड्यावर कातडे ताणलेली हरगोल असे, तिच्या अंगावर शिवण आणि बांबू उठून दिसतात. ही मात्र सबंध काळी आणि गुळगुळीत, डांबर फासल्यासारखी. ती होती कुफा. वेताच्या विणीची, बाहेरून नैसर्गिक डांबर लावलेली गोल होडी. इराकमध्ये, विशेषतः बगदादच्या परिसरात, ती हजारो वर्षे वापरात होती. तात्यांच्या घरात तीन पिढ्या हा फोटो कृष्णेचा ठरला, त्याचे कारण ही होडीच असणार. नदीकाठच्या माणसाने ओळखीची वस्तू पाहिली आणि बाकीचे चित्र तिच्याभोवती बसवले.

दुसरी खूण काठावर होती. जी झाडे आम्ही शिंदीची धरली होती ती खजुराची निघाली, ओळीने लावलेली. मागे डोंगराची रेघसुद्धा नाही. तिसरी, बोटीच्या दोन्ही कुशींना एकेक सपाट बार्ज, म्हणजे मालाची नाव, बांधलेला. ही पद्धत ब्रह्मपुत्रेवर आणि ब्रह्मदेशात इरावतीवरही होती, म्हणून नुसत्या बार्जवरून काही ठरवता आले नसते. कुफा आणि बार्ज एकत्र पाहिल्यावर मात्र नदी बहुधा एकच उरते: इराकमधली तैग्रिस. चौथी खूण पोराने शोधली. चाकाच्या पेटीवर, जिथे प्रवासी बोटीचे नाव असायचे, तिथे एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले होते.

फोटोच्या मागे पेन्सिलीने मोडीत एक ओळ होती. जुन्या जमिनीच्या कागदांमुळे मोडी वाचणारे एक गृहस्थ शेजारच्या गावी आहेत, त्यांनी ती लावली: ‘नदीतील आगबोट. हात बरा आहे.’ सही नाही, पत्ता नाही. नदीचे नावही नाही.

तैग्रिसवरच्या बोटींचा इतिहास

इथे थोडे थांबावे लागेल, कारण या बोटींची गोष्ट आमच्याकडे फारशी सांगितली जात नाही आणि प्रदर्शनात तिला अर्धी भिंत द्यावी लागली.

इराकच्या नद्यांत वाफेवरची बोट आणली ब्रिटिशांनी, हिंदुस्थानशी जवळचा मार्ग शोधता शोधता. फ्रान्सिस चेस्नी याच्या मोहिमेने १८३५-३६ साली ‘युफ्रेटिस’ आणि ‘टायग्रिस’ अशा दोन आगबोटी सुट्या भागांत भूमध्य समुद्राच्या काठी उतरवल्या, तिथून जमिनीवरून ओढत युफ्रेटिसला नेल्या आणि जोडल्या. मे १८३६ मध्ये वादळात ‘टायग्रिस’ बुडाली. त्या मोहिमेत हेन्री ब्लॉस लिंच होता. लिंच कुटुंबाच्या कंपनीने १८६० च्या दशकापासून बसरा ते बगदाद प्रवासी आणि मालाच्या बोटी चालवल्या. इराकवर तेव्हा राज्य असलेले तुर्की सरकार त्यांना एका वेळी दोनच बोटी फिरवू देई, शिवाय तुर्की सरकारच्या स्वतःच्या बोटीही नदीत होत्या. ‘ब्लॉस लिंच’, ‘खलिफा’, ‘मेजिदिया’, ‘जुलनार’ ही लिंचच्या बोटींची नावे. नदीने सुमारे ५०० मैलांचा प्रवास. खाली येताना तीन-चार दिवस, वर जाताना जास्त. वाटेत कुर्ना, अमारा, कूट. करबला-नजफचे यात्रेकरू, व्यापारी, लोकरीचे गठ्ठे, सगळे एकाच डेकवर. तैग्रिसला पूर येतो वसंतात, वरचे बर्फ वितळल्यावर. आपल्याकडे श्रावणात नदी फुगते तेव्हा तिकडे पाणी उतरणीला असते. शरद ऋतूत बोटी वाळूत रुतत आणि तास न् तास तिथेच बसत.

पहिले महायुद्ध लागले तशा या प्रवासी बोटी लष्कराच्या झाल्या. पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन नदीच्या काठाकाठाने वर गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ टेसिफोनला लढाई झाली, सैन्य मागे हटून कूटला आले आणि डिसेंबरपासून वेढ्यात अडकले. टेसिफोनच्या जखमींना ‘मेजिदिया’ आणि तिच्या उघड्या बार्जवर कोंबून बसऱ्याला आणले, तेव्हा त्यांची जी दशा झाली होती ती पाहून बसऱ्यातल्या एका लष्करी डॉक्टरने वरिष्ठांकडे जोरदार तक्रार केली. पुढे १९१७ च्या चौकशी आयोगाच्या अहवालात ते सगळे आले. ‘जुलनार’ची गोष्ट त्याहून प्रसिद्ध. २४ एप्रिल १९१६ च्या रात्री सुमारे २७० टन धान्य-सामान घेऊन ती कूटकडे निघाली, तुर्कांनी नदीत ताणलेल्या तारदोरात अडकली आणि पकडली गेली. २९ एप्रिलला कूट पडले. त्यानंतर ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून आणि ब्रह्मदेशातून मिळतील तेवढ्या नदीबोटी तिकडे नेल्या. लष्कराच्या जलवाहतूक खात्यातल्या पुष्कळ बोटींवर नावाऐवजी अक्षर आणि आकडा असे.

निर्णयाच्या जागा

पहिला मोह इथेच झाला. हे सगळे वाचून गुरुजींसकट सगळ्यांना वाटू लागले की फोटोतली बोट ‘मेजिदिया’च असावी, आजाचा हात टेसिफोनला जायबंदी झाला असावा, तो तिच्यावरूनच बसऱ्याला आला असावा. गोष्ट अशी घट्ट बसत होती की मजकूर लिहूनही झाला. तो खोडायला लावला ग्रंथपाल बाईंनी. त्यांनी विचारले, पेटीवरच्या आकड्याचे काय? लिंचच्या बोटीवर नाव असायला हवे. कृष्णेची बोट काढून ‘मेजिदिया’ चिकटवली तर आपण तात्यांपेक्षा वेगळे काय केले? हा मुद्दा बिनतोड होता.

दुसरी जागा जास्त अवघड. तात्यांच्या घरात ट्रंकेत आजाचे पदक होते. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाचा घोडेस्वार. ते ब्रिटिश वॉर मेडल, हे लगेच कळले. पण ते चांदीचे नव्हते. तात्या म्हणायचे, “काळं पडलंय, चांदीच हाय.” त्यांच्या मुलीने, त्या बेळगावला नोकरी करतात, कडा चिंचेने हलकेच घासली. तांबूस रंग आला. लढणाऱ्या शिपायाला हे पदक चांदीचे मिळे. मजूर पलटणी आणि छावणीतल्या नोकरवर्गाला कांस्याचे. कडेवर भिंगाने वाचल्यावर आजाचे नाव, क्रमांक आणि पुढे मजूर पलटणीचा उल्लेख निघाला.

आमच्या भागात महायुद्धाला गेलेला प्रत्येक माणूस तीन पिढ्यांनंतर पलटणीतच असतो आणि बहुतेक वेळा सुभेदार. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ नंतर बेळगावात स्थिरावले, रोज परेडचा बँड ऐकत मोठी झालेली माणसे दुसरे काय धरणार? पण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लाखांच्या संख्येने गेलेल्या हिंदी लोकांत मजूर, खलाशी, भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी असे न लढणारेही फार मोठ्या संख्येने होते. बसऱ्याला युद्धाच्या सुरुवातीला मोठी जहाजे लावायला धक्काच नव्हता. समुद्रातून आलेला माल नदीत उभ्या जहाजावरून लहान होड्यांत, होड्यांतून काठावर आणि काठावरून पुन्हा नदीबोटींत चढवावा लागे. तो चढवला मजुरांनी, पाठीवरून.

आता ओळ काय लिहायची? समितीने आधी ‘पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात सेवा’ असे ठरवले. त्यात खोटे काही नव्हते. पण वाचणारा ‘सेवा’ वाचून शिपाईच समजला असता, आणि आम्हाला तसे समजायला हवे होते म्हणूनच तो शब्द निवडला होता. तात्यांच्या मुलीला हे लगेच दिसले. प्रूफ पाहून त्या म्हणाल्या, “लपवायचं काय त्यात? नीट लिहा.” तात्या मात्र आठवडाभर काही बोलले नाहीत. मग निरोप आला: “लिवायचं तर लिवा. पण नाव वरती, मोठं पायजे.”

निष्पत्ती

प्रदर्शनात फोटो लागला तो मुख्य जागीच. वर आजाचे पूर्ण नाव, खाली ओळ: ‘तैग्रिस नदीतील चाकाची आगबोट, पहिले महायुद्ध. मजूर पलटणीतील आपल्या गावच्या माणसाने घरी पाठवलेला फोटो.’ शेजारी कुफा आणि काहील यांचे दोन फोटो जोडीने, आणि पदकाच्या दोन्ही बाजू. सर्वांत जास्त गर्दी त्या जोडीसमोर झाली. नदीकाठचे नावाडी कुफ्याचा काठ आत का वळवला असेल यावर बराच वेळ बोलत उभे होते. एकाचे म्हणणे, लाट आत येऊ नये म्हणून. दुसऱ्याचे, माल भरताना हात धरायला.

तात्या उद्घाटनाला आले नाहीत. नंतर एका दुपारी गर्दी नसताना येऊन पाहून गेले. मूळ फोटो आणि पदक त्यांनी परत नेले, वाचनालयाकडे प्रती राहिल्या. गावातल्या आणखी दोन घरांनी आपापली पदके आणून दाखवली. एक चांदीचे होते, एक कांस्याचे. कांस्याचे पदक आणणाऱ्यांनी ते प्रदर्शनात लावू दिले नाही.

व्हॉट्सॲपवरचा ‘कृष्णा नदीवरील आगबोट’ अजून फिरतो आहे. आम्ही दुरुस्ती टाकली, ती कुणी पुढे पाठवली नाही.

वेगळे काय करता आले असते

फोटो हातात आल्या दिवशीच तो स्कॅन करायला हवा होता आणि स्कॅन होईपर्यंत त्याचा मोबाइलवर फोटो काढू द्यायला नको होता. हे सगळ्यांत स्वस्त काम होते.

शंकेची बैठक तात्यांना घेऊन आधी, खासगीत व्हायला हवी होती. तात्यांना शंका कळली ती ग्रुपवरून, तीही कन्नड सरांच्या नावाने. सरांचा मुद्दा नदीच्या पाण्याचा होता, तो गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला पटला असता. तो त्यांच्या एकट्याच्या तोंडी राहू द्यायला नको होता.

आणि आत्या. आजाची धाकटी लेक, तात्यांच्या आत्या, नव्वदीच्या पुढच्या, निपाणीला असतात. त्यांच्याकडे आम्ही गेलो ते सगळे ठरल्यावर, निव्वळ पाया पडायला. फोटो दाखवताच त्या म्हणाल्या, “ही तर बसऱ्याची बोट. दादा सांगायचं, तिच्यात पोती भरून भरून हात मोडला म्हणून.” दादा म्हणजे त्यांचे वडील, तात्यांचा आजा. पदकाचे त्यांना काही अप्रूप नव्हते. बसऱ्याहून आणलेल्या खजुराच्या बिया परड्यात लावल्या होत्या आणि एकही उगवली नाही, असे ऐकल्याचे त्यांनी दोनदा सांगितले. घरातल्या माणसांची यादी आम्ही केली तेव्हा तीत फक्त पुरुषांची नावे होती. आता वाचनालयाच्या अर्जात ‘घरातील सर्वांत वयस्क स्त्री’ असा रकाना टाकला आहे. आत्यांचे बोलणे रेकॉर्ड केले आहे, ते उतरवून घ्यायचे काम चालू आहे.